लसीनंतर, लसीमुळे

सरकारदरबारी जाणारा कोणताही अर्ज एकाच ओळीने सुरू होतो: ‘अर्ज करण्यास कारण की’. रेशनकार्डावरचे नाव असो, बांधाचा तंटा असो, की दाखल्यात चुकलेली जन्मतारीख असो, ही ओळ आधी येते आणि माणूस तिच्या मागून येतो. शिरूरच्या तहसील कचेरीच्या आवारात, स्टॅम्प विकणाऱ्याच्या टपरीला लागून माझे मेज होते. त्या मेजावर मी ही ओळ इतक्या वेळा लिहिली, की पुढे पुढे ती माझा हातच लिहीत असे आणि डोके तोवर मोकळे असे. या ओळीने मला पोट दिले, आवारात मान दिला. एकदा मात्र तिने मला तोंडघशी पाडले. तो प्रसंग लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण दुसरे कोणी तो लिहिणार नाही, आणि लिहिलाच तर अशुद्ध लिहील.

माझी शाळा आठवीत सुटली. शुद्धलेखन मात्र सुटले नाही. पदवीधर माणसे माझ्याकडून अर्ज लिहून घेत, याचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. पदवी असलेल्या माणसाला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ कुठे लिहायचे हे कळतेच असे नाही. अर्जाच्या तळाशी मी ‘अर्जलेखक’ असा माझा गोल शिक्का मारीत असे. तसा नियम नव्हता. परंतु ज्याचे अक्षर त्याचे नाव, ही माझी भूमिका होती. लोक मला भाऊसाहेब म्हणत.

पोलिओचे थेंब पाजण्याचे रविवार नुकतेच सुरू झाले होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. तळेगाव ढमढेरेच्या बाजूच्या एका लहान गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई एके दिवशी माझ्या मेजापाशी येऊन उभ्या राहिल्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पायांवर घोट्यापर्यंत धूळ. बाई बौद्ध वस्तीत राहत. त्या भागातल्या मळ्यांमधून लस टोचायला पायी हिंडत. काही मळ्यांत त्यांना ओट्याच्या वर येऊ देत नसत आणि पोर मात्र त्यांच्या हाती देत, हे मला ठाऊक होते. त्यांनी स्वतः ते कधी बोलून दाखवले नाही.

“भाऊसाहेब, एक अर्ज पाहिजे,” त्या म्हणाल्या. “स्टोव्हला रॉकेल नाही. दोन महिने झाले, मिळालं नाही.”

“रॉकेलचा अर्ज पुरवठा शाखेकडे.”

“चुलीचं रॉकेल नव्हे हो. सुया उकळायचं. सिरिंजा, सुया कुकरमध्ये घालून वीस मिनिटं वाफेवर ठेवाव्या लागतात. स्टोव्ह मध्येच विझतो. मी शेजारून मागून आणते, पण रोज कोण देतंय? साधं लिहा: रॉकेल नसल्यामुळे सुया नीट उकळत नाहीत.”

मी लेखणी खाली ठेवली. अर्जदाराला स्वतःच्याच वाक्यापासून वाचवणे हा माझ्या कामाचा अर्धा भाग होता. मी त्यांना समजावले की, बाई, ‘सुया नीट उकळत नाहीत’ हे लेखी दिलेत तर उद्या काही झाल्यास हाच कागद तुमच्यासमोर धरतील. आपला पुरावा आपणच का द्यावा? मग मी लिहिले: ‘अर्ज करण्यास कारण की, सदर उपकेंद्रातील लसीकरणविषयक कामकाजात इंधनादी साधनसामग्रीच्या अनुषंगाने काही अडचणी उद्भवत असून, तरी मेहेरबान साहेबांकडून याकामी योग्य तो विचार व्हावा.’

बाईंनी कागद दोनदा वाचला. “ह्यात रॉकेल कुठाय?”

“इंधनादीमध्ये आहे.”

“आणि सुया?”

“साधनसामग्रीत.”

त्यांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. जाताना एवढेच म्हणाल्या, “साहेबाला कळलं म्हंजे मिळवली.” मला ते वाक्य आवडले नाही. माझ्या अर्जाची भाषा साहेबांना कळावी म्हणून नसतेच, साहेबांना नाकारता येऊ नये म्हणून असते. तथापि कळणे न कळणे हा प्रश्न पुढे आलाच नाही. अर्जाला उत्तर आले नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच गावचा एक तरुण शेतकरी आणि त्याची बायको माझ्यापुढे येऊन बसली. बायकोच्या मांडीवर चार महिन्यांचा मुलगा होता. त्याच्या डाव्या मांडीला पांढरी पट्टी बांधलेली होती.

“ल्ह्या भाऊसाहेब,” बाप म्हणाला. “तिगुनी का काय म्हंत्यात, त्ये विंजेक्शन दिलं. दिल्यावर मांडी सुजली. दगडावानी झाली. मंग पू झाला. शिरूरला आनून चिरली. आठ दिस पोरगं झोपलं न्हाई आन् आमी बी न्हाई.”

“कोणी दिले?”

“नर्सबाईनं. दुसरं कोन देनार?”

मी कोणत्या नर्सबाई ते विचारले नाही. गावाचे नाव कळले तेव्हाच मला दोन महिने न मिळालेले रॉकेल आठवले होते, हे मी येथे नमूद करतो. परंतु एक अर्ज लिहिताना दुसऱ्याचा अर्ज आठवायचा नाही, असा आमच्या धंद्याचा दंडक आहे. तो नसता तर बांधाच्या दोन्ही बाजूंचे अर्ज एकाच मेजावर लिहून झालेच नसते. मी दंडक पाळला आणि लिहिले: ‘अर्ज करण्यास कारण की, दिलेल्या लसीमुळे माझ्या मुलाची मांडी सडून त्याचा पाय निकामी होण्याच्या बेतात आला.’

अर्ज मोठ्याने वाचून दाखवण्याची माझी पद्धत होती. मी वाचला. बाप मान डोलवीत होता. बायको पदराने मुलाच्या तोंडावरची माशी हाकता हाकता थांबली.

“ह्ये ‘लशीमुळं’ कुठनं आलं?”

“म्हणजे?”

“ह्ये ‘दिल्यावर’ म्हनलं. तुमी ‘मुळं’ ल्हिलं. डाक्टर तसं न्हाई म्हनला. त्यो म्हनला, सुई खराब आसंल. आन् पाय निकामी कवा व्हनार व्हता? पोरगं लाथा मारतंय, ह्ये काय!”

“बाई,” मी म्हणालो, “‘नंतर’ लिहिलेला कागद फायलीला लागतो. ‘मुळे’ लिहिलेला कागद साहेबाच्या टेबलावर जातो. तुम्हाला न्याय पाहिजे की व्याकरण?”

“आगं, त्येन्ला कळतंय तुझ्यापरीस,” नवरा म्हणाला. “गप बस.”

ती पुन्हा माशी हाकू लागली. बापाने सही केली आणि मी शिक्का मारला. पुढे जे घडले त्यात दोष नसलेली त्या पोराची आई एकटीच. तिने मला वेळेवर अडवले होते.

माझे भाकीत खरे ठरले आणि अर्ज टेबलावर गेला. जे खाते रॉकेल पाठवायला महिनोन्महिने हलले नाही, ते नर्सबाईंची बदली करायला पंधरा दिवसांत हलले. मांडीत पू का झाला, सुई कोणती होती, स्टोव्ह का विझत होता, यांपैकी एकही प्रश्न कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. बदली झाली, म्हणजे चौकशी झाली, असे सर्वांनी धरले. ज्यांच्या डोळ्यांत त्या बाई सलत होत्या त्यांनी माझ्या अर्जाच्या झेरॉक्स काढल्या. झेरॉक्स तळेगावच्या बाजारात फिरली, जीपमधून गावोगाव गेली. कोणी वाचली, कोणी ऐकली. ऐकता ऐकता ‘निकामी होण्याच्या बेतात’ मधला ‘बेतात’ गळून पडला. अक्षर माझे, शिक्का माझा. सुरुवातीला, खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. चहाच्या टपरीवर माणसे विचारीत, “लशीचा अर्ज ल्हिनारं तुमीच का?” मी होकार देत असे.

मग गावांमधून बातम्या येऊ लागल्या. नर्स आली की दारे लागतात. आया पोरे उचलून उसात जातात. या बातम्या आणणारी माणसे हसत हसत सांगत, आणि मला हसू येईनासे झाले.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर माझ्याकडे प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायला आले. काम झाल्यावर त्यांनी तळाचा शिक्का निरखून पाहिला.

“तुम्हीच का ते? लसीमुळे?”

मी म्हणालो, “मीच.”

“भाऊसाहेब, कोंबडं आरवल्यानंतर तांबडं फुटतं. तुमच्या अर्जात ते कोंबड्यामुळे फुटलंय.”

मला राग आला. माझ्या मेजापाशी बसून माझ्याच भाषेची चूक काढणारा हा पहिला शिकलेला माणूस होता. मी म्हणालो, “असं असेल तर लसीने काहीही होत नाही, असं तुम्ही लेखी द्या. मी फुकट टाईप करून आणतो आणि बाजारात वाटतो.”

“तसं कसं देऊ? ताप येतो. गाठ येते. हजारात कुठं एखाद्याला जास्तही त्रास होतो, नाही असं नाही. त्या पोराला झालं ते लसीनं नाही, सुईनं झालं. पण लसीनं काहीच होत नाही हे लिहिणंही खोटंच.”

“मग काय लिहू शकता?”

“एवढंच, की गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांनी जे होतं, त्यापुढं हे काहीच नाही.”

“हे लेखी द्याल?”

ते हसले आणि स्कूटरला किक मारून गेले. त्या दिवशी मी जेवलो नाही. ज्याला माहीत आहे तो लिहीत नाही. जो लिहितो त्याला माहीत नाही. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरी कागद पोचलेला असतो. या तिघांच्या मध्ये मी वर्षानुवर्षे मेज टाकून बसलो होतो आणि स्वतःला दुवा समजत होतो.

माझी लेक दौंड तालुक्यात, कासुर्डीच्या अलीकडच्या एका वस्तीवर दिली होती. तिची पहिली मुलगी, माझी नात, तेव्हा साडेनऊ महिन्यांची होती. लेकीचे पोस्टकार्ड आले. अक्षर माझ्याच वळणाचे, परंतु घाईचे: ‘आण्णा, इथे ऊसतोड्यांच्या कोप्यांवर गोवर आला आहे. दोन लेकरे फार आजारी आहेत, एक गेले. छकुलीला नऊ महिन्यांची सुई द्यायची राहिली आहे. सासूबाई देऊ देत नाहीत. तुमचा कागद दाखवतात. तुम्ही या.’

‘तुमचा कागद’ हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मग मेज कुलूपबंद करून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याची एसटी धरली. तेथून जीपने वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. वाटेत उसाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. एका कोपीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावलेला होता. जीपवाल्याने तिकडे न बघता गाडी पुढे काढली.

विहीणबाई ओट्यावर शेंगा फोडीत बसल्या होत्या. नात त्यांच्या पुढ्यात, टरफले तोंडात घालण्याच्या प्रयत्नात. तिला धडधाकट पाहून माझा जीव भांड्यात पडला. लेक पाणी घेऊन आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

“या पाव्हनं,” विहीणबाई म्हणाल्या. “सांगावा न्हाई, काय न्हाई. लेकीनं पत्तर धाडलं वाटतं.”

मी विषयाला हात घातला. गोवर किती वाईट, लस किती आवश्यक, हे डॉक्टरांचे म्हणणे मी माझ्या भाषेत, व्यवस्थित मुद्दे पाडून, सुमारे पाव तास सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. मग उठल्या, आतून ट्रंकेतली प्लॅस्टिकची पिशवी आणली, रेशनकार्डाखालून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली.

“मला वाचता न्हाई येत. पन ह्यो शिक्का तुमचा न्हवं? लगनाच्या याद्येवर बी तुमी ह्योच मारला व्हता.”

“माझाच.”

“मंग त्यो कागद खोटा, का आत्ताचं बोलनं खोटं?”

“कागद खोटा नाही, विहीणबाई. त्यात एक शब्द...”

“येक शबुद?”

“‘नंतर’च्या जागी ‘मुळे’ पडला आहे.”

त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “पाव्हनं, पडला का तुमी टाकला?”

चौकटीला टेकलेली लेक दुसरीकडे बघू लागली. मी म्हणालो, “मी टाकला.”

“कशापायी?”

याचे उत्तर माझ्याकडे तयार होते, तेच फायलीचे आणि टेबलाचे. त्या अंगणात ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “अर्जाला जोर यावा म्हणून.”

“आला की जोर! हितवर आला, दौंड तालुक्यात.” त्या हसल्या नाहीत. “ह्ये बघा. ह्या पोरीआधी माजं येक नातवंड दीड वरसाचं गोवरानंच गेलं, थोरल्याचं. मला गोवर काय आसतो त्ये सांगू नगा. म्या काय येडी न्हाई. पन तुमच्यावानी शिकल्याला मानूस सही-शिक्क्यानिशी ल्हितो की लशीमुळं पाय सडला, तवा म्या काय करायचं? हिकडं बी भ्या, तिकडं बी भ्या. मंग जे हातानं करावं लागत न्हाई, त्येच बरं वाटतं.”

मी तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळ वादविवाद ऐकले आहेत. लसीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांपैकी कोणीही ही गोष्ट इतकी स्वच्छ मांडलेली मी ऐकली नव्हती.

“मग माझ्यावर विश्वास ठेवा,” मी म्हणालो.

“तोंडी? तुमीच म्हंता न्हवं, तोंडाचं काय बी कोरटात धरत न्हाईत. ल्हून द्या.”

लेकीने वहीचा कागद आणून दिला. मी ओट्यावर मांडी घालून बसलो आणि सवयीने ‘लिहून देण्यास कारण की’ एवढे लिहिले. पुढे लिहिले, ‘लसीमुळे काहीही होणार नाही’. डॉक्टर आठवले. खोडले. ‘लसीनंतर क्वचित ताप येऊ शकतो’ असे लिहून वाचून दाखवले.

“येऊ शकतो म्हंजी? येनार का न्हाई?”

“येईल किंवा येणार नाही.”

“आसं तर म्या बी सांगीन. पाऊस येईल किंवा येनार न्हाई. ह्याला रायटर कशाला पायजे?”

तीन कागद फाटले. शब्द मला कधी कमी पडले नव्हते. त्या दुपारी एकेक शब्द हातात घेतला की पोकळ निघे. ‘योग्य ती दक्षता’ म्हणजे कोणती? ‘अनुषंगाने’ म्हणजे काय? नात रांगत येऊन कागदाचे तुकडे गोळा करीत होती. अखेर चौथ्या कागदावर मी आयुष्यात प्रथमच बोलतो तसे लिहिले: ‘गोवराची लस दिल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप येईल. दोन दिवसांत जाईल. नाही आला तरी चालेल. सुई उकळलेली आहे हे मी समोर बसून बघेन. मागच्या अर्जातला “मुळे” हा शब्द माझा आहे, त्या पोराच्या बापाचा नाही. त्याच्या आईने मला हटकले होते, मी ऐकले नाही.’ खाली सही केली.

विहीणबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “शिक्का कुठाय?”

“शिक्का शिरूरला. मेजात.”

“मंग आंगठा द्या.”

“विहीणबाई, मी सही केली आहे. ज्याला सही येते तो अंगठा देत नाही.”

“सही म्या वळखत न्हाई. आंगठा वळखती.”

लेक म्हणाली, “आण्णा, द्या ना.” तिने आतून नातीच्या काजळाची डबी आणली. ज्या माणसाने शेकडो अडाण्यांचे अंगठे स्वतःच्या हाताने धरून शाईत बुडवले, त्याने आपला अंगठा काजळात बुडवून वहीच्या कागदावर उठवला. विहीणबाईंनी तो उन्हात धरून वाळवला, पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “उद्या जाऊ. म्या बी येनार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उपकेंद्रावर गेलो. लेक, विहीणबाई, कडेवर नात आणि मी. दारातून आत पाहिले. टेबलामागे त्याच नर्सबाई होत्या. बदली दौंड तालुक्यात झाली एवढे मी ऐकले होते. कोणत्या गावी, याची चौकशी मी केली नव्हती. का केली नव्हती हे सांगण्याची गरज नाही.

त्यांनी मला पाहिले.

“भाऊसाहेब, इकडं कसे? परत अर्ज?”

“नातीला लस द्यायची आहे.”

“लसीमुळे काही झालं तर?”

उत्तर विहीणबाईंनी दिले. “त्येंचा आंगठा घेतलाय म्या,” असे म्हणून त्यांनी पिशवीतून कागद काढून बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी तो वाचला. अंगठ्यापाशी त्यांच्या ओठांची कड हलली.

“काजळाचा?” त्यांनी लेकीला विचारले. लेक पदर तोंडाला लावून हसली. मग बाईंनी कागद परत केला आणि खुर्चीकडे बोट दाखवले. “सुई बघणार लिहिलंय ना? बसा.”

कोपऱ्यात स्टोव्ह निळ्या ज्योतीने जळत होता, वर कुकर. बाईंनी मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले. “शिट्टी सुटली की वेळ धरा. वीस मिनिटं.”

मी घड्याळ हातात धरून बसलो. वीस मिनिटे हा फार मोठा काळ असतो. मध्ये एकदा मी म्हणालो, “इथे रॉकेल मिळते वाटते.”

“मिळतं. सरपंचांना तोंडी सांगितलं, की नसल्यामुळे सुया उकळत नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा आला.” त्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या, मान वर केली नाही. “तिथल्या साहेबांनी बदलीच्या वेळी तुमचा पहिला अर्ज काढला होता. म्हणाले, बाई, ह्या ‘अडचणी’ म्हणजे कसल्या, हे आधी सांगायचं ना. मी म्हटलं, मी सांगितलं होतं.”

एवढेच. यापुढे बाई त्या विषयावर बोलल्या नाहीत, आणि मला क्षमा मागायची होती तीसुद्धा ‘कारण की’ने सुरू होऊ लागली म्हणून मी मागितली नाही. ती आजतागायत मागायची राहिली आहे.

वीस मिनिटे झाली. बाई म्हणाल्या, “दंड धरा. घट्ट. कच खाल्लीत तर पोरीला दोनदा टोचावं लागेल.” मी धरला. नातीने असा सूर लावला की बाहेरची कुत्री उठली. विहीणबाईंनी तिला ओढून घेतले, पदराखाली धरले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू सुई मीच टोचली असावी.

मी शिरूरला परतलो. आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी सकाळी एका जीपवाल्याने कचेरीच्या आवारात माझे मेज शोधून काढले. “भाऊसाहेब तुमीच का? कासुर्डीकडच्या म्हातारीचा सांगावा हाय. म्हनली, पोरीला ताप आलाय. नंतर का मुळं, त्ये येऊन सांगा.”

समोर दोन अर्जदार बसले होते. मी त्यांना उठवले आणि निघालो. सबंध प्रवासात मी ‘नंतर’ आणि ‘मुळे’ तोलीत होतो. वस्तीवर पोचलो. नात लेकीच्या खांद्यावर मलूल होऊन पडली होती, अंग तापले होते, छातीवर बारीक पुरळ. विहीणबाई दारातच उभ्या.

“बोला.”

“मुळे,” मी म्हणालो. “हा ताप लसीमुळेच आहे. मी लिहिले होते तसा. उद्या-परवा उतरेल.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. “‘नंतर’ म्हनला आसता तर घरात घेतलं नसतं,” त्या म्हणाल्या. “हातपाय धुवा. भाकरी टाकती.”

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तोवर मी तेथेच राहिलो आणि मेज बंद राहिले. निघताना मी विहीणबाईंकडे तो काजळाच्या अंगठ्याचा कागद मागितला. त्याच्या झेरॉक्स काढून तळेगावच्या बाजारात वाटाव्या, पहिल्या कागदाच्या मागोमाग हा दुसरा धाडावा, असा माझा बेत होता. त्यांनी साफ नकार दिला. “न्हाई. एकदा हातचा कागद गेला की त्यात काय गळंल आन् काय घुसंल, सांगता येत न्हाई. ह्यो माजा हाय.”

तेव्हा मी शिरूरला जाऊन स्वतःच्या नावाने नवा अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिलाच, स्वतःसाठी. त्यात उपरोक्त नव्हते, अनुषंगाने नव्हते. त्या तळेगावकडच्या उपकेंद्राचे नाव घालून एवढेच लिहिले, की रॉकेल नसल्यामुळे सुया नीट उकळत नाहीत, पोरांच्या मांडीत पू होतो तो त्यामुळे होतो, लसीमुळे नाही. तरी रॉकेल द्यावे. शिक्का मारला आणि आवक खिडकीवर नेऊन दिला. खिडकीतला कारकून माझा वीस वर्षांचा ओळखीचा. त्याने अर्ज वाचला, नोंदवहीत नंबर टाकला, मग पेन कानावर अडकवून म्हणाला:

“भाऊसाहेब, रॉकेल मागताय खरं, पण तिथं त्या बाईंच्या बदलीपासून नर्सच नाही राव. स्टोव्ह पेटवणार कोण?”